सामंतांच्या पिवळ्या रेघा

सामंतांकडे पाणी मागितलं की ते आधी बसायला सांगत. उभ्याने पाणी पिणाऱ्याला ठसका लागतो, ठसका लागलेला माणूस पुढे झुकतो आणि पुढे झुकलेला माणूस टीपॉयच्या कोपऱ्यावर पडतो, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे टीपॉय काढून टाकला गेला. सूचना तशीच राहिली. का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "टीपॉय गेला. सवय कशाला घालवायची?"

वसईजवळच्या उमेळ्यातल्या त्यांच्या तीन मजली इमारतीचं नाव केळीबाग. बाग तोडून इमारत उभी राहिली तेव्हा विहिरीजवळ एकच केळ शिल्लक होती. सामंतांनी तिला बांबूचा टेकू दिला आणि 'खाली उभे राहू नये' अशी पाटी लावली. त्या केळीला घड कधी धरलाच नाही. पाटी मात्र दोनदा रंगवली गेली.

वासुदेव सामंत मूळचे कुडाळकडचे. सगळी नोकरी बोईसरच्या बाजूला, एका रंगाच्या कारखान्यात, सुरक्षा अधिकारी म्हणून. नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. सामंतांनी ते उलटं करून पाहिलं, मागची कडी निसटली तर घड्याळ डोक्यात पडू शकतं हे व्यासपीठावरच्या मंडळींच्या निदर्शनास आणून दिलं आणि त्याऐवजी जमिनीवर पट्टे मारायचा पिवळा रंग मागून घेतला. तो चांगला डबे भरून मिळाला. ते डबे त्यांनी स्वतःच्या पलंगाखाली ठेवले. असा रंग पेट घेतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायची पात्रता असलेला माणूस इमारतीत एकच होता.

शरीराने ते किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर आणि घरातसुद्धा रबरी तळव्यांचे बूट. कुणाच्याही घरात शिरताना ते उंबरठ्यावर थांबत, डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत आणि मगच नमस्कार करत. लग्नात ते जेवणाच्या पंक्तीत दाराजवळची जागा धरत. सोसायटीच्या गणपतीत आरतीच्या शेवटी सगळे स्वतःभोवती गिरकी घेतात, त्यावर त्यांचा आक्षेप होता. एवढ्याशा जागेत इतकी माणसं एकदम फिरली तर समई कलंडणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आग्रहामुळे केळीबागेत आधी पुरुष फिरत, मग बायका, आणि सगळे एकाच दिशेने. गणपतीशेजारी वाळूची बादली असे. नव्या भाडेकरूंना ती प्रसादाची वाटे.

त्यांची एक फुशारकी मात्र खरी होती. "माझ्या काळात कारखान्यात एकाही माणसाचं बोट गेलं नाही," हे वाक्य ते बारशात, बाराव्याला आणि टँकरच्या रांगेत सारख्याच आवाजात म्हणत. त्याला दुजोरा देणारे दोन निवृत्त कामगार वसईत राहत होते. दुजोरा देताना दोघेही दहाही बोटं पसरून दाखवत.

शालूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याच्या उलट्या. मोठा आवाज, मोठं कुंकू आणि जिन्यावरून उतरताना दोन-दोन पायऱ्या. रोज सकाळी फाटकाशी रेजिनाबाय टोपली घेऊन बसे. रेजिनाबाय उमेळ्याचीच, केळीबाग जिथे उभी राहिली ती वाडी तिच्या दिराची होती. टोपलीत अळू, वेलची केळी, शेवग्याच्या शेंगा आणि वरती ओल्या फडक्यात अबोलीची फुलं. भाजी घेणं थोडक्यात आटपे. भांडण बराच वेळ चाले. "एवढी जून शेंग? सुनेच्या माहेरी दे!" असं काकू म्हणत आणि "सून नाय गो मला, तूच ने," असं रेजिनाबाय म्हणे. दोघींपैकी एक जण आली नाही तर दुसरीचा दिवस वाईट जाई.

मग काकूंचा उजवा हात थरथरू लागला. पावलं लहान झाली. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणून सांगितलं. इमारतीला तीन बदल जाणवले. पहिला, काकूंचा चेहरा हलेनासा झाला. त्यामुळे त्या थट्टा करतायत की खरंच बोलतायत, हे कळायला मार्ग राहिला नाही आणि त्यांची थट्टा पूर्वीपेक्षा जास्त लागू लागली. दुसरा, आवाज इतका खाली गेला की बोललेलं पलीकडच्या खुर्चीपर्यंत पोचेना. तिसरा बदल पायांचा. मोकळ्या खोलीत त्या ठीक चालत. दाराशी आल्या की पाय अडकत. "लादीयेक कोणी डिंक लावल्यासारखा व्हता," असं त्या सांगत.

आणि एका सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारातच पडल्या. गॅसवर दूध चढत होतं, पाय हलत नव्हते, वरचं अंग मात्र निघालं. मनगट मोडलं. सामंत त्या वेळी बाहेरच्या खोलीत, एका भिंतीच्या अंतरावर, वर्तमानपत्र वाचत होते.

त्या दिवसानंतर बोटांचं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

मनगटाचं प्लास्टर ओलं असतानाच सामंतांनी घराची तपासणी सुरू केली. ती त्यांनी गुडघ्यांवर रांगत केली, भर दुपारी, हातात बॅटरी घेऊन. धोका पायाच्या उंचीवर असतो, तो उभ्याने दिसत नाही, हे त्यांचं तत्त्व. पायपुसणी जप्त झाली, सतरंजी गुंडाळली गेली, देवघरासमोरचा पाट उभा करून ठेवला गेला. टेलिफोनची वायर जमिनीवरून उचलून छताच्या कडेने नेली. टँकरच्या पाण्याचं पिंप वाटेतून हलवून न्हाणीघराच्या कोपऱ्यात गेलं. काकूंच्या सपाता जाऊन मागे पट्टा असलेल्या सँडल आल्या. खुर्चीतून उठणं सोपं जावं म्हणून घरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठोकले गेले. काकूंना त्याचा खरोखर उपयोग झाला. पाहुण्यांचे पाय मात्र लोंबकळू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख, जे तळमजल्यावर बरोबर सामंतांच्या खाली राहत, ते भेटायला आले तेव्हा न्हाव्याच्या फळीवर बसवलेल्या मुलासारखे दिसत होते. चहा होईपर्यंत त्यांनी उतरण्याचा दोनदा प्रयत्न केला.

"जागच्या जागी वळायचं नाही," सामंतांनी काकूंना शिकवलं. "मोठा वळसा घ्यायचा. पाय अडखळत नाहीत."

"मी काय एस्टी आसंय?" काकूंनी विचारलं.

सामंतांना ते ऐकू गेलं नाही. तेव्हापासून शिट्टीचा प्रश्न निघाला.

तीस वर्षांत पहिल्यांदाच काकूंचं बोलणं सामंतांपर्यंत पोचत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने याचा बोभाटा केला नसता. सामंतांनी कारखान्यातली पितळी शिट्टी शोधली, राखेने घासली आणि गोफात ओवून काकूंच्या गळ्यात घातली. एक शिट्टी म्हणजे 'या'. दोन म्हणजे 'चहा'. तीन शिट्ट्या सामंतांनी 'धोका' या अर्थासाठी राखून ठेवल्या होत्या, पण काकूंनी पहिल्याच दिवशी त्यांचा अर्थ बदलून 'तुमचा चुकता' असा करून घेतला. तीन शिट्ट्या सर्वांत जास्त वाजत. अडचण एवढीच होती की भिंतीपलीकडे कुणाच्याही कुकरची शिट्टी झाली की सामंत हातातलं टाकून धावत. वरच्या मजल्यावर राजमा शिजत असेल त्या दिवशी त्यांना बसायला मिळत नसे.

न्हाणीघरात आधाराला दांडी हवी, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सामंतांनी बाजारातल्या सगळ्या दांड्या नापास केल्या आणि पाण्याच्या पाइपाची जाड लोखंडी दांडी आणली. भोकं त्यांनी स्वतः पाडली. भिंत एका विटेचीसुद्धा नव्हती, याची कल्पना बिल्डरला होती, सामंतांना नव्हती. बोल्ट पलीकडच्या घरात, म्हणजे आमच्या न्हाणीघरात, चांगले चार बोटं बाहेर आले. त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षं टॉवेल वाळत घातले गेले.

दांडी बसल्यावर तिची चाचणी घेणं आलं. काकूंचं वजन सामंतांपेक्षा जास्त, म्हणून त्यांनी पाठीला पिठाचा डबा बांधला आणि दांडीला लटकले. दांडी आली. तिच्यासोबत फरशीचा चौकोन आला, त्याच्यासोबत सामंत आले, आणि सामंत पिंपावर आले. पिंप त्याच सकाळी टँकरने भरलं होतं. पाणी दारातून, वाटेतून, बाल्कनीतून आणि शेवटी देशमुखांच्या छतातून गेलं. देशमुख छत्री घेऊन वर आले तेव्हा सामंत पिठात भिजून बसले होते आणि दारात काकू, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, तीन शिट्ट्या वाजवत होत्या.

दांडी पुन्हा बसवली, या वेळी गवंडी बोलावून, सिमेंटच्या खांबाला. ती आजही हलणार नाही.

रविवारी कवायत असे. माणूस पडला तर काय करायचं, याची. पडणाऱ्याची भूमिका सामंत स्वतः करत. ते लादीवर व्यवस्थित आडवे होत आणि सूचना देत.

"आता तू घाबरायचं नाहीस. मला ओढायचं नाहीस. आधी विचारायचं, कुठे लागलंय?"

"खंय लागला?"

"कुठेच नाही. मग खुर्ची जवळ आणायची. मी कुशीवर वळेन, गुडघ्यावर येईन, खुर्ची धरेन, आणि..."

"पडान ऱ्हवा जरा," काकू म्हणाल्या. "बरा दिसता. घर शांत वाटता."

सामंतांना ऐकू आलं नाही. ते शिट्टीची वाट पाहत तसेच पडून राहिले. मोलकरीण त्यांच्या बाजूने झाडू मारून गेली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सामंतांनी शेवटचा निर्णय घेतला तो हसण्यासारखा नव्हता. काकूंनी स्वयंपाकघरात जायचं नाही आणि जिना उतरायचा नाही. अपघात जिथे झाला आणि जिथे होऊ शकतो, ती दोन्ही ठिकाणं बंद. स्वयंपाक सामंत करणार. तेल उडतं म्हणून तळण बंद, विळी धारदार म्हणून चिरणं बंद, माशाचा काटा घशात अडकतो म्हणून मासे बंद. उरली खिचडी. ती त्या घरात सकाळ-संध्याकाळ शिजू लागली. फाटकाशी रेजिनाबाय रोज मान वर करून पहिल्या मजल्याकडे पाही आणि वर जाणाऱ्याला विचारी, "बाय कशी हाय? खाली कधी येते?"

काकू दिवसभर उंच खुर्चीत बसून असत. एकदा वाटी द्यायला गेलो असताना त्यांनी जवळ बोलावून, कानाशी, सावकाश सांगितलं, "पडान मरणा परवाडला. असा बसान मरणा नको."

थट्टा नव्हती. चेहऱ्यावरून कळलं नसतं, पण नव्हती.

आपली आज्ञा पाळली जात नाही, असा सामंतांना संशय होता. म्हणून त्यांनी पलंगाखालचा पहिला डबा उघडला. स्वयंपाकघराच्या दारात, पांढऱ्या लादीवर, त्यांनी टेप लावून हातभर लांबीची पिवळी आडवी रेघ मारली. कारखान्यात पिवळी रेघ म्हणजे हद्द. तिच्यापलीकडे यंत्र. ती ओलांडणाऱ्या कामगाराचा त्या दिवसाचा पगार जात असे. "ही ओलांडायची नाही," त्यांनी काकूंना बजावलं. काकूंनी मान हलवली. ती आजाराने हलली की होकाराने, हे त्यांनी तपासून पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी ते दूध आणायला गेले. परतताना जिन्यातच त्यांना वास आला. कुणीतरी सुकी कोळंबी परतत होतं. घरात काकू गॅसपाशी उभ्या होत्या.

"तू आत कशी आलीस?"

काकूंनी कढई खाली ठेवली आणि तीन शिट्ट्या वाजवल्या.

रेघ बारीक झाली, असं सामंतांना वाटलं. त्यांनी तिच्यापुढे दुसरी मारली, मग तिसरी, वीतभर अंतराने. काकू त्या तिन्ही ओलांडून गेल्या, ठिकरी खेळणाऱ्या मुलीसारख्या, पाय चांगले उचलून. दारात अडकणारी बाई ती हीच, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसला नसता. सामंतांचाही बसला नाही. त्यांना त्यात फक्त बंडखोरी दिसली.

यानंतर काकूंनी एक गोष्ट सुरू केली. ती त्यांनी इतक्या सहज केली की महिनाभर कुणालाच संशय आला नाही.

"बाल्कनीत मात्र माका जाऊक नको," त्या एका दुपारी म्हणाल्या. या वेळी मुद्दाम सामंतांच्या कानाजवळ. "कठडो कमी आसा. फार धोको."

सामंतांनी त्याच संध्याकाळी बाल्कनीच्या दारात पिवळ्या रेघा मारल्या. सकाळी काकू बाल्कनीत उभ्या होत्या आणि खाली रेजिनाबायला हात करत होत्या.

"न्हाणीयेच्या दारात पाय घसरतलो." न्हाणीघरापाशी रेघा आल्या. "वाटेत काळोख आसता." वाटेत रेघा आल्या. "मेन दरवाज्याबाहेर तर जाऊकच नको." दाराबाहेर, जिन्याच्या तोंडापर्यंत रेघा आल्या. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या दिवशी काकू पोचलेल्या असत. सामंतांचा ब्रश थांबत नव्हता आणि काकूंचे पाय थांबत नव्हते. दुसरा डबा संपला. घर आतून एखाद्या छोट्या विमानतळासारखं दिसू लागलं.

शेवटी सामंतांनी तक्रार डॉक्टरांकडे नेली. पुढची हकिगत काकूंनी सांगितलेली आहे. सामंतांनी ती कधी नाकारली नाही.

"डॉक्टर, हिला शिस्त राहिली नाही," सामंत म्हणाले. "सगळीकडे रेघा मारल्या, तरी ओलांडते."

डॉक्टरांनी काकूंना दारापर्यंत चालायला सांगितलं. दारात त्यांचे पाय अडकले. डॉक्टरांनी कोपऱ्यातली काठी घेऊन त्यांच्या पावलांपुढे जमिनीवर आडवी ठेवली. काकूंनी काठी ओलांडली आणि बाहेर गेल्या. डॉक्टर हसले. या आजारात असं पुष्कळांचं होतं, ते म्हणाले; डोळ्यांपुढे ओलांडायला काही असलं की अडकलेलं पाऊल उचलतं. "रेघा कुणी सुचवल्या तुम्हाला? उत्तम काम केलंत."

परतीच्या रिक्षात, माणिकपूर मागे पडल्यावर, सामंतांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी आयकला असता?"

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, कारण त्यानंतर तीन शिट्ट्या झाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सामंत, रेघा ही आपलीच कल्पना होती, असं सगळ्यांना सांगत होते. ते चुकीचं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी खिचडी बंद केली, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी एक दांडी बसवली, विळीच्या जागी उभ्याने चिरायची सुरी आणली आणि तिसरा डबा घेऊन जिन्यावर बसले. पहिल्या मजल्यापासून खाली, प्रत्येक पायरीच्या कडेला एक पिवळी पट्टी. मधल्या टप्प्यापर्यंत पोचले तेव्हा देशमुख खालून आले आणि त्यांनी ब्रश धरून काम थांबवलं.

रविवारी सकाळी सोसायटीची सभा बोलावली गेली, खाली मोटारींच्या जागेत. मोटार एकच होती. ती बाहेर काढून खुर्च्या मांडल्या. फाटकाशी रेजिनाबाय टोपली घेऊन बसली होती आणि सभेचं सर्व कामकाज तिला ऐकू जात होतं.

"जिना सोसायटीचा आहे," देशमुख म्हणाले. ते मूळचे लातूरकडचे, बोलताना ठराव वाचतायत असं वाटे. "ठरावाशिवाय इथे खिळा ठोकता येत नाही. तुम्ही अर्ध्या जिन्याचा झेब्रा केलात."

"झेब्रा काळा-पांढरा असतो," सामंत म्हणाले.

"पाहुणे विचारतात, वर पोलीस चौकी आहे का म्हणून!" दुसऱ्या मजल्यावरून आलेलं कुणीतरी म्हणालं.

"विचारू देत. सावध तरी चढतील."

"आणि माझं छत? ते आधी कोरडं करा, मग जिना ओला करा!"

सामंतांनी रेघांचं कारण सांगितलं. काठीची गोष्ट सांगितली. ती लोकांना पटली नाही. पाय अडकलेली बाई जमिनीवरच्या रंगाने चालते, ही गोष्ट सामंतांच्या तोंडून आली की ती गिरकीच्या नियमासारखीच वाटे. मतदान घ्यायचं ठरलं.

तेवढ्यात वरून एक शिट्टी झाली. एक म्हणजे 'या'. सामंत उठले, पण काकू त्यांची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. त्या जिन्याच्या तोंडाशी होत्या. डाव्या हाताने कठडा धरला, पहिल्या पिवळ्या पट्टीवर पाऊल टाकलं, दुसऱ्या, तिसऱ्या. सभा माना वर करून पाहत होती. मधल्या टप्प्यापर्यंत त्या आल्या. तिथे रंग संपला होता, आणि कठडासुद्धा वळणावर हातभर तुटला होता.

पाय अडकले.

अंग पुढे झुकू लागलं. सामंत जिना चढून त्यांच्यापुढे उभे राहिले, दोन पायऱ्या खाली, दोन्ही हात पसरून. अडकलेल्या माणसाला ओढायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी ओढलं नाही. "घाई कोणाला आहे?" ते म्हणाले. हे ते नेहमी म्हणत, पण असा आवाज त्यांचा नेहमी नसे.

खुर्च्या सरकल्या. सगळ्यांच्या आधी रेजिनाबाय जिन्यात पोचली. तिच्या हातात शेवग्याची शेंग होती. तिने ती काकूंच्या पावलांपुढे आडवी ठेवली.

"रेजिनाबाय!" सामंत ओरडले. "शेंग गोल आहे! पायाखाली घरंगळेल!"

"मंग धरा की तिला! का बोंबलता?"

सामंत मागच्या मागे पायरीवर बसले आणि त्यांनी शेंगेचं एक टोक धरलं. दुसरं टोक हलत होतं.

"ओ सेक्रेटरी!" रेजिनाबाय म्हणाली. "उभे काय ऱ्हायलात? तुमी तिकडून धरा!"

देशमुखांनी हातातले कागद खिशात घातले, धोतरासारखी पँट गुडघ्यांवर ओढली आणि ओणवे होऊन दुसरं टोक धरलं. काकूंनी शेंगेकडे पाहिलं. पाऊल उचललं. शेंग ओलांडली.

तिथून तळापर्यंत प्रत्येक पायरीवर हेच झालं. सुरक्षा अधिकारी आणि सेक्रेटरी एकेका बाजूला एक, पाठीमागे सरकत, एका शेंगेची दोन टोकं धरून एकेक पायरी उतरत होते, आणि त्यांच्यामागून काकू, रेजिनाबायच्या खांद्यावर हात ठेवून, वरातीसारख्या येत होत्या. कुणी हसलं नाही. हसलेलं काकूंना चाललं असतं, पण सगळ्यांचं लक्ष शेंगेकडे होतं.

शेवटच्या पायरीवर देशमुखांना उठता येईना. ते खाली बसूनच म्हणाले, "ठराव मंजूर. शेंगेपेक्षा रंग परवडला."

काकूंनी हात पुढे केला. सामंतांनी शेंग त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती दोन बोटांनी वाकवून पाहिली, रेजिनाबायपुढे धरली आणि ऐकू जाईल इतक्या जवळ जाऊन म्हणाल्या, "जून आसा. सुनेच्या माहेरी दी."

"सून नाय गो मला," रेजिनाबाय म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या आठवड्यात जिना पूर्ण रंगला. तुटलेला कठडा जोडला गेला आणि भिंतीच्या बाजूला दुसरा बसवला. त्याला लटकून पाहण्याची विनंती या वेळी देशमुखांना करण्यात आली. पुढे रेघा मोटारीच्या जागेतून फाटकापर्यंत आल्या आणि रेजिनाबायच्या टोपलीपाशी थांबल्या. भाव पटला नाही की काकू शिट्टी काढत. तीन शिट्ट्यांचा अर्थ रेजिनाबायला आता कुणी सांगावा लागत नसे, तिचं उत्तरही ठरलेलं असे: "तुजंच चुकतं!"

आजार थांबला नाही. तो तसा थांबत नाही. काही सकाळी काकू खाली येत नसत आणि टोपलीतली अबोली सामंत वर नेत. पण येत त्या दिवशी स्वतःच्या पायांनी येत. त्या घरात त्यानंतर सामंत सोडून कुणी पडलं नाही.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर आम्ही उमेळं सोडलं. सामान टेम्पोत चढलं होतं. न्हाणीघरातले बोल्ट नव्या मालकाला दाखवून झाले होते. फाटकाशी काकू उभ्या होत्या, आणखी वाकलेल्या, गळ्यात शिट्टी. सामंत त्यांच्या मागे, त्यांच्या कमरेपाशी हात धरून, पण न लावता. ते खाली आले तेव्हा एक गोष्ट दिसली होती: काकूंच्या मागोमाग सामंतांचं पाऊलही प्रत्येक रेघ नेमकी ओलांडून पडत होतं. कदाचित ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

भाजी घेऊन झाली. काकू परत वळल्या नाहीत. त्या फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत होत्या. रस्त्यापलीकडे तळ्याच्या काठाला नवा बाक बसवला होता, आणि त्यावर सकाळचं ऊन आलं होतं.

"तो रस्तो मात्र फार धोक्याचो," त्या म्हणाल्या. "माका तिकडे जाऊकच नको."

सामंतांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"फारच धोक्याचा," ते म्हणाले.

त्यांनी काकूंचा हात रेजिनाबायच्या खांद्यावर ठेवला. टेम्पो सुरू झाला तेव्हा ते जिन्याकडे निघाले होते, रेघांवरून, नेहमीपेक्षा जरा घाईने, पलंगाखालचा डबा आणायला.